दोन नोकऱ्या आणि एक करसंकेत
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यान म्हटल्यावर संतवाङ्मय, नाट्यसंगीत किंवा शिवकाल यांपैकी एखादा विषय आपण अपेक्षिला असेल. आम्ही मात्र ब्रिटनमधील प्राप्तिकराचा एक रुक्ष वाटणारा विषय घेऊन आपल्यापुढे उभे आहोत. तो आम्ही होऊन निवडलेला नाही. मंडळाच्या सभासदांनीच तो आमच्याकडे आणून दिला. ज्यांनी पन्नास वर्षांपूर्वी हे मंडळ उभे केले ते पोटापाण्यासाठी महाराष्ट्र सोडून येथे आले होते. त्यांची नातवंडे आता शिक्षणासाठी समुद्रापलीकडे जातात. लंडन, मँचेस्टर, लीड्स, ग्लासगो येथे शिकणारी ही मुले सकाळी विद्यापीठाच्या ग्रंथालयात दोन-तीन तास काम करतात, शनिवार-रविवारी एखाद्या उपाहारगृहात राबतात, आणि महिनाअखेरीस घरी फोन करून विचारतात, "बाबा, एका ठिकाणी काहीच कापले नाही आणि दुसऱ्या ठिकाणी पाचवा हिस्सा गेला, हे कसे?" वडिलांनी उभ्या हयातीत टी.डी.एस.चे हिशेब कोळून प्यालेले असले तरी त्या वेतनचिठ्ठीवरील 'बी आर' या दोन रोमन अक्षरांपुढे त्यांचे काही चालत नाही. गेली काही वर्षे अशा बऱ्याच वेतनचिठ्ठ्या आमच्या हाती आल्या. त्या वाचून जे ध्यानात आले ते आज सांगावयाचे आहे.

ही अक्षरे म्हणजे ब्रिटनचा 'टॅक्स कोड', आपण त्याला करसंकेत म्हणू. तो समजून घ्यायचा तर त्याच्या जन्माकडे थोडे पाहिले पाहिजे. आणि या जन्मकथेत आपल्या देशाचाही एक धागा आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधील लक्षावधी कामगार प्रथमच प्राप्तिकराच्या कक्षेत आले. वर्ष संपल्यावर कर मागायला जावे तर आठवड्याच्या पगारावर जगणाऱ्याच्या हाती तो उरलेला नसे. तेव्हा पगार हाती पडण्यापूर्वीच कर कापून घ्यावा, तोही दर आठवड्याला अचूक, अशी योजना आखण्यात आली. 'पे ॲज यू अर्न' हे तिचे नाव. तिच्या रचनेत ज्यांचा मोठा वाटा होता ते पॉल चेंबर्स हे त्यापूर्वी, १९३७ ते १९४० या काळात, हिंदुस्थान सरकारचे प्राप्तिकर सल्लागार होते. ही योजना पार्लमेंटात जाहीर व्हावयाची त्याच दिवशी, २१ सप्टेंबर १९४३ रोजी, अर्थमंत्री सर किंग्जले वुड यांचे निधन झाले. तथापि योजना थांबली नाही. ६ एप्रिल १९४४ पासून ती अमलात आली आणि आजही चालू आहे. तेथील करवर्ष आपल्यासारखे १ एप्रिलला सुरू न होता ६ एप्रिलला होते. १७५२ साली पंचांग सुधारताना जे अकरा दिवस गाळले, त्यांचा हा अवशेष.

या योजनेची खुबी अशी की ती प्रत्येक महिन्याचा सुटा विचार करीत नाही. करवर्षाच्या आरंभापासून आजवर किती मिळकत झाली, आजवर करमुक्त सूट किती साठली आणि आजवर कर किती भरला, या तीन रकमा ती दर वेळी नव्याने मांडते. एप्रिल २०२१ पासून ही वैयक्तिक सूट वर्षाला १२,५७० पौंड आहे. बारा महिन्यांत वाटली तर दरमहा सुमारे १,०४७ पौंड. या रकमेचा शेवटचा आकडा गाळून त्यापुढे 'एल' हे अक्षर जोडले की '१२५७ एल' हा सर्वांत परिचित करसंकेत तयार होतो. मालकाच्या हिशेबनिसाला हा संकेत मिळाला की त्याला कामगाराच्या खाजगी गोष्टी विचाराव्या लागत नाहीत. संकेत सांगेल तेवढी सूट द्यावी आणि उरलेल्यावर कर कापावा. सप्टेंबरात पोहोचलेल्या विद्यार्थ्याला ऑक्टोबरअखेर पहिला पगार मिळाला तर त्याच्या खात्यावर तोवर सात महिन्यांची, म्हणजे सुमारे ७,३३२ पौंडांची, सूट साठलेली असते. एप्रिल ते सप्टेंबर तो तिथे कामाला नव्हता म्हणून ती बुडत नाही. हे ऐकून पुष्कळ पालकांना नवल वाटते.

हे यंत्र एका माणसाची एकच नोकरी गृहीत धरून उत्तम चालते. अडचण येते ती दोन नोकऱ्यांच्या वेळी. ग्रंथालयाच्या हिशेबनिसाला उपाहारगृहाचा पगार दिसत नाही आणि उपाहारगृहाला ग्रंथालयाचा. दोघांनीही पूर्ण सूट दिली तर एकाच माणसाला दुप्पट सूट मिळेल. म्हणून तेथील महसूल खाते, ज्याचे नाव 'हिज मॅजेस्टीज रेव्हेन्यू अँड कस्टम्स', सारी सूट एका नोकरीकडे देते आणि दुसरीला कोरे ठेवते. आपल्यातील ज्येष्ठांना रेशनकार्डाचे दिवस आठवत असतील. कार्ड एका दुकानात नोंदलेले असे. त्या दुकानातून साखर सरकारी भावाने मिळे, दुसरीकडे गेलात तर खुल्या बाजाराचा भाव. माणूस तोच, घर तेच, परंतु कार्ड जिथे नोंदले तिथेच सवलत. दुसऱ्या नोकरीवरील 'बी आर' म्हणजे खुल्या बाजाराचा भाव होय. 'बेसिक रेट', म्हणजे पहिल्या पौंडापासून सरसकट २० टक्के. यात दंड नाही, शिक्षा नाही, परकीय म्हणून भेदभावही नाही. सूट माणसाला आहे, नोकरीला नाही, एवढेच तो संकेत सांगतो.

मग तक्रार कशाची? तक्रार अशी की कार्ड ज्या दुकानी नोंदले तिथे माणूस पुरती साखर घेतच नाही. एक उदाहरण घेऊ. एका मुलीला ग्रंथालयात महिन्याला ७०० पौंड मिळतात आणि उपाहारगृहात ३५० पौंड. पहिल्या नोकरीला '१२५७ एल', दुसरीला 'बी आर'. पहिल्या ठिकाणी कर शून्य, कारण ७०० पौंड हे दरमहाच्या सुटीहून कमी. दुसऱ्या ठिकाणी दरमहा ७० पौंड गेले. बारा महिन्यांत ८४० पौंड. आता तिची वर्षाची एकूण मिळकत पाहा : १२,६०० पौंड. सुटीहून अवघी ३० पौंड अधिक. तिचा खरा कर ६ पौंड, आणि कापले गेले ८४०! पहिल्या नोकरीकडे ४,१७० पौंडांची सूट पडून राहिली, तिचा कोणालाच उपयोग झाला नाही.

हे उदाहरण आम्ही मुद्दाम रचलेले नाही. विद्यार्थी व्हिसावर पदवी अभ्यासक्रम करणाऱ्यास सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. २०२५-२६ या वर्षी २१ वर्षे व त्यावरील कामगाराचे किमान वेतन ताशी १२ पौंड २१ पेन्स होते. त्या दराने आठवड्याला २० तास, वर्षाचे ५२ आठवडे, अशी मिळकत १२,६९८ पौंड होते. म्हणजे किमान वेतनावर नियमात राहून कष्ट करणाऱ्या मुलामुलीला वर्षाकाठी कर जवळजवळ लागतच नाही. आणि जो ऑक्टोबरात कामाला लागला त्याची मार्चअखेरची सारी मिळकत सहा-साडेसहा हजारांच्या आसपास. त्याला तर एक पेनीही देणे लागत नाही. आमच्या उदाहरणातील मुलगी ऑक्टोबरात कामाला लागली असे धरले, तर मार्चपर्यंत तिचे ४२० पौंड विनाकारण कापले जातील. ज्याचे शिक्षण घर गहाण टाकून काढलेल्या कर्जावर चालले आहे त्याच्या दृष्टीने ही रक्कम महिन्याभराच्या किराण्याला पुरून उरावी अशी आहे.

यावर उपाय आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही. दोन्ही नोकऱ्यांची मिळकत बऱ्यापैकी ठराविक असेल तर सूट दोन संकेतांत विभागून द्यावी, अशी विनंती महसूल खात्याला करता येते. वरच्या मुलीला पहिल्या नोकरीसाठी '८४० एल' आणि दुसरीसाठी '४१७ एल' असे दोन संकेत मिळाले तर दोन्हींची बेरीज पुन्हा १२५७ येते आणि दरमहाचे ७० पौंड तिच्या हाती राहतात. मात्र उपाहारगृहातील तास कधी वाढतात, कधी घटतात, अशी स्थिती असेल तर ही विभागणी दर महिन्याला बिनसत जाते. अशा वेळी सूट मोठ्या पगाराच्या नोकरीकडे राहू द्यावी आणि जादा गेलेले नंतर परत घ्यावे, हेच आमच्या मते शहाणपणाचे.

सूट कोणत्या नोकरीकडे नोंदली आहे, हेही पाहावे लागते. पुष्कळ मुले प्रथम मिळेल ते सहा तासांचे काम धरतात आणि दोन महिन्यांनी विद्यापीठात चांगले काम मिळते. संकेत मात्र पहिल्या, छोट्या कामालाच चिकटून राहतो. तो हलवावा म्हणून सांगावे लागते. ते आपले खाते ऑनलाइन उघडून किंवा दूरध्वनीने सांगता येते. आणखी एक वारंवार दिसलेली गोष्ट : मुलगा पहिली नोकरी सोडतो, दुसरी चालू राहते, आणि तिच्यावर 'बी आर' तसाच महिनोन्महिने उभा असतो. आता ती एकच नोकरी, तरी सूट शून्य. पहिल्या दुकानाचे शटर पडले पण कार्ड तिथेच नोंदलेले! इथे चेंबर्ससाहेबांच्या यंत्राची करामत दिसते. महसूल खात्याने संकेत बदलून '१२५७ एल' केला की पुढच्याच पगारात मालकाचा हिशेब वर्षारंभापासून नव्याने मांडला जातो आणि जादा कापलेले पगारासोबत परत येते. अर्ज नको, वकील नको. फक्त संकेताच्या शेपटीला 'डब्ल्यू १', 'एम १' किंवा 'एक्स' लागलेले नसावे. ही अक्षरे असतील तर तो तात्पुरता संकेत समजावा. त्यात मागील महिन्यांचा हिशेब धरला जात नाही, प्रत्येक महिना सुटा मोजला जातो आणि साठलेली सूट तशीच पडून राहते.

एवढे सारे बरेवाईट ज्या एका कागदावर ठरते तो म्हणजे नोकरीच्या पहिल्या दिवशी भरावयाचा 'स्टार्टर चेकलिस्ट'. मुले तो घाईत, कधी मित्राचे पाहून भरतात. त्यातील तीन विधानांपैकी एक निवडायचे असते. 'ए' म्हणजे ६ एप्रिलपासूनची ही माझी पहिलीच नोकरी आणि करपात्र सरकारी भत्ता किंवा निवृत्तिवेतनही मला मिळालेले नाही. 'बी' म्हणजे आता हीच एक नोकरी आहे, पण ६ एप्रिलनंतर आधी दुसरी होती. 'सी' म्हणजे याखेरीज माझी दुसरी नोकरी किंवा निवृत्तिवेतन चालू आहे. 'ए' लिहिणाऱ्यास '१२५७ एल' मिळतो, 'बी' लिहिणाऱ्यास तोच पण तात्पुरत्या शेपटीसह, आणि 'सी' लिहिणाऱ्यास 'बी आर'. काहीच न लिहिल्यास 'शून्य टी', म्हणजे सूट नाहीच. आधीची नोकरी सोडली असेल तर त्या मालकाने दिलेला 'पी ४५' हा कागद नव्या मालकाला द्यावा. त्यावर जुना संकेत, आजवरचा पगार आणि आजवरचा कर हे सारे असते. त्यातील 'भाग १ ए' हा आपल्यापाशी ठेवावयाचा. भारतात कपाटाच्या खणात जसे फॉर्म सोळा जपले जात, तसाच तो जपावा.

कोणी म्हणेल, दोन्ही ठिकाणी 'ए' लिहिले तर? कर दोन्हीकडे वाचेल! वाचत नाही, पुढे ढकलला जातो. एकीकडे वर्षाला १५,००० आणि दुसरीकडे ९,००० पौंड मिळवणाऱ्याने दोन्हीकडे पूर्ण सूट घेतली, तर दुसऱ्या नोकरीवर जे १,८०० पौंड कर म्हणून जायला हवे होते ते राहून जातात. २०१३ पासून तेथील मालक प्रत्येक पगाराची नोंद त्याच वेळी महसूल खात्याला कळवितात, त्यामुळे ही गोष्ट लपत नाही. वर्षअखेर हिशेबाचे पत्र येते आणि ३,००० पौंडांच्या आतील थकबाकी सामान्यतः पुढील वर्षाच्या संकेतातून वसूल होते. १,८०० पौंडांसाठी सूट ९,००० नी घटते आणि '१२५७ एल' चा '३५७ एल' होतो. त्या वर्षी मुलगा शिक्षण संपवून नोकरीच्या शोधात असेल तर ही कात्री फार लागते.

मिळवत्या मंडळींसाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आपल्यातील काहींची मुले तेथे डॉक्टर आहेत आणि मुख्य रुग्णालयाखेरीज इतरत्र जादा पाळ्या करतात. मुख्य पगार ४५,००० पौंड आणि जादा पाळ्यांचे १०,००० पौंड असतील तर दुसरीकडील 'बी आर' पुरत नाही. इंग्लंडमध्ये ५०,२७० पौंडांपुढील मिळकतीवर ४० टक्के कर आहे. एकूण ५५,००० पैकी ४,७३० पौंड त्या टप्प्यात पडतात आणि ९४६ पौंड कर कमी कापला जातो. दुसऱ्या नोकरीवर 'डी शून्य' आला तर मात्र सारेच ४० टक्क्यांनी जाते, आणि इथे ते जास्त होईल. दोन्ही संकेत अचूक नाहीत. हिशेब वर्षअखेरच जुळतो. अशांनी थोडी रक्कम बाजूला काढून ठेवावी. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांच्या संकेतापूर्वी 'एस' असते आणि तिथले दर वेगळे आहेत, वेल्ससाठी 'सी'; त्यात आज शिरत नाही.

'नॅशनल इन्शुरन्स' ही दुसरी कपात मात्र संकेताने चालत नाही. दोन वेगळ्या मालकांकडील नोकऱ्यांचा तिथे वेगवेगळा विचार होतो. २०२५-२६ मध्ये महिन्याला १,०४८ पौंडांपर्यंत ही वर्गणी लागत नव्हती, त्यापुढे ८ टक्के. एकाच ठिकाणी २,००० पौंड मिळवणाऱ्याचे सुमारे ७६ पौंड जात. हजार-हजाराच्या दोन नोकऱ्या करणाऱ्याचे काहीच जात नसे. करात दोन नोकऱ्यांनी आधी तोटा, वर्गणीत नफा, असा हा विचित्र न्याय आहे.

आपल्याकडची रीत याच्या उलट चुकते, हे आम्हाला लक्षणीय वाटते. भारतात असा संकेत नाही. दोन मालक असतील तर प्रत्येकजण आपल्यापुरता पगार पाहून करमुक्त टप्पा देतो. कर कमी कापला जातो आणि विवरणपत्र भरताना व्याजासह अंगावर येतो. एका मालकाला दुसऱ्याकडील पगार कळवून हे टाळण्याची सोय कायद्यात आहे, पण ती वापरणारे विरळा. ब्रिटनचे खाते दुसऱ्या नोकरीपुरते आधी जास्त घेते आणि मग परत करते. आपले आधी कमी घेते आणि मग मागते. आम्हास विचाराल तर कुटुंबप्रमुखाला आपली रीत गोड वाटते आणि एकट्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला तिकडची अधिक जाचते.

एक इशारा. करसंकेत बरोबर असला म्हणून कामाचे तास नियमात बसतात असे नाही. २० तासांची मर्यादा सर्व नोकऱ्यांची मिळून आहे, प्रत्येकी नव्हे. आणि विद्यार्थी व्हिसावर स्वतंत्र धंदा करता येत नाही. कराचा गोंधळ निस्तरतो, व्हिसाचा निस्तरेलच असे नाही. तसेच परतावा आला आहे, या दुव्यावर बँकेचा तपशील भरा, असा संदेश भ्रमणध्वनीवर आला तर तो फसवणुकीचा समजून पुसून टाकावा. परतावा काढून देतो म्हणून त्यातला मोठा हिस्सा घेणारे मध्यस्थही आहेत. ते कायदेशीर असतील, पण ज्या कामाला अर्धा तास आणि दोन कागद पुरतात त्यासाठी त्यांची गरज आम्हाला दिसत नाही.

ते दोन कागद कोणते? ५ एप्रिलला जी जी नोकरी चालू असेल तिचा 'पी ६०', जो मालकाने ३१ मेपर्यंत द्यावयाचा असतो, आणि मध्येच सोडलेल्या नोकरीचा 'पी ४५'. दोन नोकऱ्या असतील तर 'पी ६०' ही दोन असतात. त्यांवरील पगार आणि कर यांची बेरीज केली की घरबसल्या खरा हिशेब कळतो. जादा गेलेला कर करवर्ष संपल्यापासून चार वर्षांपर्यंत मागता येतो. २०२५-२६ चा ५ एप्रिल २०३० पर्यंत. तेव्हा ज्यांची मुले दोन-तीन वर्षांपूर्वीच परतली आहेत त्यांनीही जुन्या वेतनचिठ्ठ्या आज घरी गेल्यावर काढून पाहाव्यात.

जी मुले करवर्षाच्या मध्यावर कायमची परत येणार आहेत त्यांनी 'पी ८५' हा अर्ज भरून, सोबत 'पी ४५' चे भाग जोडून, आपण देश सोडत असल्याचे महसूल खात्याला कळवावे; परतावा असल्यास त्याचा हिशेब त्यावरून होतो. आणि परतावा हाती पडेपर्यंत तिथले बँकेचे खाते बंद करू नये.